अंदाजामागची जुळणी

जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत भोकरदन तालुक्यांतील शेतकऱ्याला जो प्रश्न पडतो तो दिसावयास अगदीं साधा आहे: पेरावें कीं थांबावें? कपाशी, मका आणि सोयाबीन हीं तिकडचीं खरिपाचीं पिकें. मृगाची एखादी जोरदार सर येऊन जमीन भिजते, बियाणें मातींत पडतें, आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडें राहिलें कीं कोंब करपून दुबार पेरणीचें संकट दारीं उभें राहतें. दुसऱ्या बियाण्याचा पैसा बहुधा उसनवारीचाच असतो. म्हणून जालना जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यांत नक्षत्रांच्या जोडीला हवामानाच्या अंदाजाकडेहि डोळे लागलेले असतात.

हा अंदाज गणिताच्या रूपानें जेथें आकाराला येतो, त्यांपैकीं एक ठिकाण पुण्यास पाषाण येथें आहे. १९६२ सालीं स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था ती हीच. २०१८ मध्यें तेथें ‘प्रत्यूष’ नांवाचा महासंगणक आला, २०२४ मध्यें ‘अर्का’ आला; आणि मे २०२५ पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या नांवाचें मॉडेल सुरूं झालें. पूर्वीचें मॉडेल वातावरणावर सुमारें १२ किलोमीटरचें जाळें पसरून गणित करीत असे. नव्याचें जाळें सुमारें ६ किलोमीटरचें आहे. म्हणजे पूर्वी जेथें एक घर होतें तेथें आतां चार घरें पडलीं, आणि तालुक्याच्या एका टोकाचा पाऊस दुसऱ्या टोकाच्या पावसापासून वेगळा काढून पाहण्याची सोय झाली.

जाळें, उपग्रह आणि महासंगणक यांविषयीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिलें जातें. त्यांच्यामध्यें एक दुवा असा आहे कीं ज्याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाहीं.

हवामानाचीं मॉडेलें अजूनहि बव्हंशीं फोर्ट्रान भाषेंत लिहिलेलीं असतात. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं आय.बी.एम. कंपनींत ही भाषा १९५७ मध्यें प्रचारांत आणली. माणसाला वाचतां येणारा तो मजकूर संगणकाला जसाच्या तसा कळत नाहीं. तो यंत्राच्या आज्ञांत उतरविण्याचें काम कंपायलर नांवाचा दुभाषी करतो. मॉडेलच्या शेंकडों फाइली या दुभाष्याकडे कोणत्या क्रमानें द्यावयाच्या आणि अखेरीस एकत्र कशा सांधावयाच्या, हें पाहणाऱ्या कारभाऱ्याला बिल्ड सिस्टीम म्हणतात. परंतु काम सुरूं करण्यापूर्वीं कारभाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी लागते: दुभाषी कोणता घ्यावयाचा, त्याच्या जोडीला कोणतीं अवजारें नि ग्रंथालयें असावयाचीं, आणि दुभाष्याला मुभा किती द्यावयाची. या सर्वांची मिळून जी जुळणी, ती आधीं चढवावी लागते. मग पहिली फाईल हलते.

‘प्रत्यूष’ हा क्रे कंपनीचा एक्ससी-४० जातीचा संगणक होता. या जातीच्या यंत्रावर कंपायलर एकच नसे. क्रेचा स्वतःचा, इंटेलचा आणि ग्नू संस्थेचा असे निरनिराळे संच तेथें मिळत, आणि हवा तो संच ‘मॉड्यूल’ नांवाच्या सोयीनें चढवावयाचा असे. ही मॉड्यूलची पद्धत १९९१ पासून चालत आलेली आहे. मौज अशी कीं, फोर्ट्रानसाठीं आज्ञा मात्र तिन्ही वेळां एकच: ‘एफटीएन’. ज्या संचाचें मॉड्यूल त्या घडीला चढलेलें असेल त्याचा दुभाषी या एकाच नांवाखालीं हाकेला ओ देत असे. दारावरची पाटी तीच, आंत बसलेला माणूस निराळा! सोय मोठी, यांत शंका नाहीं. परंतु हाक मारणाऱ्याला आंत कोण आहे हें विचारण्याची संवय नसेल तर हीच सोय घातक ठरूं शकते.

यावर कोणी म्हणेल, दुभाषी कोणीहि असो, दोन आणि दोन चारच होणार. पूर्णांकांच्या बाबतींत हें खरें आहे. अपूर्णांकांच्या बाबतींत नाहीं, कारण संगणक प्रत्येक संख्या ठराविक अंकांपुरतीच लक्षांत ठेवतो. चारच अंक लिहितां येतील अशी एक वही कल्पावी. तींत १००० मध्यें ०.४ मिळविले तर १०००.४ होतात, पण चार अंकांत ते पुन्हां १०००च राहतात, आणखी ०.४ मिळविले तरी १०००च. आतां तेच दोन ०.४ आधीं एकमेकांत मिळवावे: ०.८ झाले, ते १००० मध्यें घातले कीं १०००.८, म्हणजे चार अंकांत १००१. बेरीज तीच, संख्या त्याच, क्रम तेवढा बदलला. वेगाच्या हव्यासानें बेरजांचा क्रम बदलण्याची मुभा कंपायलरला द्यावी कीं नाहीं, गुणाकार आणि बेरीज एका दमांत उरकून एकदांच पूर्णन करावें कीं दोनदां, हे प्रश्न मॉडेलच्या मजकुरांत लिहिलेले नसतात. ते जुळणींत असतात. १९८५ मध्यें ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकानें प्रत्येक सुट्या क्रियेचें पूर्णन पक्कें बांधून दिलें. क्रियांचा क्रम मात्र भाषेच्या आणि कंपायलरच्या स्वाधीन राहिला.

चौदाव्या पंधराव्या अंकावरच्या या फरकाची पर्वा कशाला, याचें उत्तर एडवर्ड लोरेन्झ यांना १९६१ मध्यें मिळालें. वातावरणाचें एक छोटेंसें मॉडेल ते चालवीत होते. आधींचें गणित मधूनच पुन्हां सुरूं करण्यासाठीं त्यांनीं छापील कागदावरची संख्या भरली. यंत्राच्या पोटांत ०.५०६१२७ होते, कागदावर ०.५०६ इतकेंच छापलें होतें. कॉफी घेऊन ते परत आले तों दोन्ही हवामानें एकमेकांपासून पार फांकलीं होतीं. १९६३ मध्यें त्यांचा प्रसिद्ध निबंध आला, आणि अल्प फरकाची ही वाढ हवामानाच्या गणिताचा स्वभावच आहे हें सर्वमान्य झालें.

तेव्हां कंपायलर बदलला कीं भोकरदनचा अंदाज खोटा ठरतो, असें समजावयाचें काय? नाहीं. मूळ निरीक्षणांतल्या चुका या फरकाहून कितीतरी मोठ्या असतात, आणि म्हणूनच एका गणितावर न विसंबतां किंचित् वेगळ्या आरंभांचीं अनेक गणितें एकत्र चालवितात. खरा धोका निराळा आहे. समजा, ढगांतून पाऊस पडण्याचें सूत्र शास्त्रज्ञांनीं सुधारलें, आणि त्याच सुमारास संगणकावरचा मुळांतला कंपायलर कोणी बदलला. मराठवाड्यावरचा पाऊस गणितांत वाढला. तो सूत्रानें वाढला कीं दुभाष्यानें? जुळणी नोंदलेली नसेल तर याचें उत्तर कोणाजवळच नाहीं, आणि उत्तर नाहीं म्हणजे पुढच्या हंगामासाठीं शिकावयाचें तरी काय, हेंहि कळत नाहीं.

अमेरिकेंत बोल्डर येथील वातावरण-संशोधन केंद्रांत या प्रश्नाचा रीतसर विचार झाला. तेथील हवामान-मॉडेलच्या बिल्डमध्यें प्रत्येक यंत्र आणि प्रत्येक कंपायलर यांची स्वतंत्र नोंद असते. कोणतीं मॉड्यूलें चढवावयाचीं तें तींतून वाचलें जातें, शास्त्रज्ञाच्या स्मरणावर सोडलेलें नसतें. शिवाय २०१५ मध्यें त्यांनीं एक कसोटी प्रसिद्ध केली. आरंभीच्या तापमानांत नगण्य फरक करून वर्षावर्षाचीं १५१ गणितें करावयाचीं, त्यांचा पसारा मोजावयाचा, आणि नव्या कंपायलरचें उत्तर त्या पसाऱ्यांत बसतें कीं बाहेर पडतें तें पाहावयाचें. उत्तर अंकाअंकानें जुळावें असा हट्ट सोडून, हवामान तेंच राहिलें कीं नाहीं असा प्रश्न विचारणें, यांत मोठें शहाणपण आहे.

जुळणी चढविण्याच्या क्रमांतहि खांचखळगे आहेत. १९७६ मध्यें बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं तयार केलेला ‘मेक’ हा या कारभाऱ्यांतला जुना. कोणी कांहींच न सांगितल्यास तो आपल्या ठरीव नांवाचा कंपायलर घेतो. भोंवतालच्या वातावरणांत नांव लिहिलेलें असल्यास तें घेतो. कामाच्या फाइलींत असल्यास एरवीं तें वातावरणावर मात करतें. आणि आज्ञेबरोबर सांगितलेलें सर्वांवर. ‘सीमेक’ हा अलीकडचा. तो पहिल्या फेरींतच कंपायलर शोधून, त्याची परीक्षा घेऊन, उत्तर टिपून ठेवतो. नंतर वातावरणांतलें नांव बदललें तरी त्याच कामाच्या जागीं तो जुन्या टिपणालाच चिकटून राहतो. वापरणाऱ्याला वाटतें कीं नवा संच चढला. प्रत्यक्षांत जुनाच राबत असतो. निराळ्या यंत्रासाठीं संच द्यावयाचा तर त्याची फाईल प्रकल्पाचें नांव उच्चारण्यापूर्वीं वाचली गेली पाहिजे, कारण परीक्षा त्या उच्चाराबरोबरच होते. उशिरां पोहोंचलेली सूचना दर वेळीं तक्रार करतेच असें नाहीं. पुष्कळदां ती निमूटपणें वायां जाते.

यावर उपाय खर्चाचे नाहींत. जुळणीची फाईल मॉडेलच्या मजकुराबरोबरच जतन करतां येते. चढलेल्या मॉड्यूलांची यादी एका आज्ञेनें छापून गणिताच्या निकालाशेजारीं ठेवतां येते. ग्नूच्या कंपायलरला तर असा एक पर्याय देतां येतो कीं, त्यानें कोणत्या सूचनांवरून काम केलें तें तयार प्रोग्रॅमच्या पोटांतच लिहिलें जातें, आणि वर्षांनंतरहि तो उघडून पाहणाऱ्याला वाचतां येतें. मात्र हा पर्याय आपण होऊन चालू नसतो. तो जुळणींत कोणीतरी लिहावा लागतो.