कोणता शब्द?

शाळेत मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारखीच्या घरी वह्यांचा गठ्ठा कायमचाच असतो. या खेपेला त्यात दहावीच्या मुलांनी लिहिलेलं रसग्रहण आहे. कविता बहिणाबाई चौधरींची, सुगरणीच्या खोप्यावरची. गुण चार. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे मुलांना तोंडपाठ आहेत.

पहिल्या दहा वह्यांत तेच वाक्य आलं, की कवयित्रीने साध्या सोप्या भाषेत मोठा आशय मांडला आहे. यावरून आठवतं, केंब्रिजला समीक्षक आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता देत आणि त्यावर लिहायला सांगत. विद्यार्थ्यांचं लिखाण तपासून 1929 साली त्यांनी पुस्तक काढलं. हुशार मुलंसुद्धा समोरची कविता सोडून डोक्यात आधीच तयार असलेलं काहीतरी लिहितात, हे त्यात दिसलं. मी कवीऐवजी कवितेचं नाव झाकते. नुसतं उत्तर वाचून कविता ओळखता आली नाही, तर मुलाची आणि कवितेची गाठच पडलेली नाही, असं समजते.

पाठांतर करणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. गाइडमधल्या उत्तराला पुरे गुण पडतात, हे त्यांनी आमच्याच लाल पेनाकडून शिकलेलं आहे.

एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, ‘मला ही भाषा सोपी वाटली नाही. काही शब्द आजीला विचारावे लागले.’ किती खरं आहे! बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून उतरवून घेतली, आणि त्या गेल्यानंतर, 1952 साली, पुस्तक निघालं. त्या गाण्यांची खानदेशातली लेवा गणबोली पुण्या-मुंबईच्या मुलाला सोपी कशी वाटेल? जी मुलगी शब्दापाशी अडली, ती भाषेपर्यंत पोचली. तिच्या शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केल्या, गुण कापले नाहीत.

आता ज्या वहीपाशी मी सगळ्यात जास्त थांबले, ती सांगते. त्या मुलानं लिहिलं, ‘सुगरण पक्ष्यात खोपा नर विणतो. मादी अर्धवट विणलेला खोपा बघते आणि आवडला तर तिथे राहते. मग कवितेत ही आई का आहे?’ एवढं लिहून उत्तर संपलं होतं. ‘विषयांतर’ असा शेरा माझ्या पेनाच्या टोकाशी आला होता. पक्षीशास्त्राप्रमाणे मुलाचं बरोबर आहे. पण कवितेतली चूक काढून तो थांबला नव्हता, त्यानं प्रश्न विचारला होता, आणि तो थेट कवितेच्या गाभ्याशी जाणारा होता. मी चारातले दोन गुण दिले. प्रश्नाचं उत्तर कवितेत शोधायचं त्यानं सोडून दिलं होतं, म्हणून उरलेले दोन राखून ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं आणि म्हटलं, ‘पक्षी बाजूला ठेव. आता फक्त शब्द बघ.’ मधल्या सुट्टीत तो परत आला. जीव झाडाला टांगल्याची जी प्रतिमा कवितेत आहे, तिच्यावर त्यानं बोट ठेवलं. म्हणाला, ‘बाई, खोपा टांगलेला आपल्याला पण दिसतो. जीव टांगलाय हे त्यांना दिसलं. त्यांना पण मुलं होती ना?’

अकाली वैधव्य आलेल्या, शेतात राबून पोरं वाढवलेल्या बाईची कविता त्याला तिच्या चरित्रावरचा परिच्छेद न वाचता सापडली होती. हेच लिहून आण, असं मी सांगितलं. त्यानं आणलं, आणि राखून ठेवलेले दोन्ही गुण मी दिले.

वह्या उद्या वाटायच्या आहेत. जिथं जिथं ‘साधी सोपी भाषा’ आली आहे, तिथं समासात शेरा न मारता मी एवढंच विचारलं आहे, ‘कोणता शब्द?’