हातच्या एकाची गोष्ट

(गणेशोत्सवात सभासदांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



बाप्पाला वंदन करून आधी एक कबुली देतो. मागच्या वर्षी महाप्रसादाच्या पंगतीत मी मुलांना एक आकडा सांगितला होता: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी, उलटा वाचला तरी तोच. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा हा वर्ग. एवढ्यावर थांबायचं, तर मी ऐटीत म्हणालो, "दहा एक घ्या, पंधरा घ्या, असंच होत जाणार!"

विसर्जनाच्या दिवशी सहावीतल्या एका मुलीने कागद आणून दिला. कॅल्क्युलेटरवर इतके अंक मावेनात, म्हणून हाताने गुणाकार केलेला. "काका, चुकलं तुमचं." दहा एकांचं उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१.

नऊ वेळा जमलं म्हणून दहाव्यांदा पाहायचं नाही, ही खोड मी कामावर कुणाला करू देत नाही. स्वतः मात्र केली.

कारण सोपं आहे. वर्ग करताना तीच ओळ आपण नऊ वेळा लिहितो, दरवेळी एक घर सरकवून. समजा, यार्डात शेजारशेजारच्या नऊ लाइनींवर नऊ-नऊ डब्यांच्या गाड्या उभ्या आहेत, प्रत्येक गाडी आधीच्या गाडीपेक्षा एक डबा पुढे. आता रूळ ओलांडत आडवे डबे मोजा. टोकाला एक, मग दोन, तीन, मधोमध नऊ, आणि पुन्हा उतरत एक. अंकांची बेरीज ८१, कारण डबेच तेवढे: नऊ नव्वे एक्याऐंशी.

दहा गाड्या झाल्या की मधल्या रांगेत दहा डबे येतात. एका घरात दहा मावत नाहीत. शून्य ठेवून हातचा एक डावीकडे जातो. तिथे आधीच नऊ, त्याचे दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठाला मिळून नऊ होतात. डावीकडचा आठ असा गायब!

या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. नाव रेल्वेचंच आहे. जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवर द. रा. कापरेकरांना त्या सुचू लागल्या. डहाणूला १९०५ साली जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. शिक्षण बी.एस्सी.; संशोधनाची पदवी नाही. मार्टिन गार्डनरने १९७५ साली त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगात नाव झालं. मला डिप्लोमावाल्याला याचा जरा जास्तच आनंद होतो.

यंदा त्याच मुलीने अकरा एकांचं उत्तर आणलंय: १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. या वेळी मी आधी तपासलं. डबे हवेत १२१, अंकांची बेरीज भरते ८५. फरक ३६. प्रत्येक हातचा बेरजेतून नऊ खातो, कारण दहा जाऊन एक येतो. म्हणजे हातचे चार. तिच्या कागदावर पेन्सिलीने चारच खुणा आहेत.