सलूनमधली लहान इजा : उपचार, काळजी आणि दाद

केस कापताना, दाढी करताना किंवा केसांना रंग लावताना कारागिराच्या हातून होणारी इजा बहुतेक वेळा किरकोळ असते. गालावर ब्लेडची बारीक रेघ उमटते, कानाच्या पाळीला कातरीचे टोक लागते, मानेवर झीरो मशीनने कातडी खरवडते, स्ट्रेटनरची तापलेली पट्टी कपाळाला टेकते. अशा जखमा भरून यायला फारसे काही लागत नाही. पुढे जे बिघडते ते पुष्कळदा मूळ चुकीमुळे नव्हे, तर चुकीनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांमुळे. हाताशी असलेली तुरटी घाईने फिरवली जाते, रंगाने आग होणाऱ्या डोक्याला "थोडं सहन करा" असे सांगितले जाते, गिऱ्हाईक संकोचाने गप्प राहते आणि कारागीर भीतीने. म्हणून या विषयात जखमेच्या आकारापेक्षा ती कशाने झाली आणि लगेच काय केले गेले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

चेहऱ्याला आणि डोक्याच्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असतो. डोक्याच्या त्वचेखालच्या घट्ट तंतुमय थरात रक्तवाहिन्या जखडलेल्या असतात, त्यामुळे कापल्यावर त्या सहजी आक्रसून मिटत नाहीत. अर्ध्या सेंटिमीटरच्या कापातूनही रक्त ओघळते आणि दोन्ही बाजू घाबरतात. हाच रक्तपुरवठा जखम लवकर भरूनही आणतो. पहिला उपचार म्हणजे स्वच्छ गॉज किंवा धुतलेला सुती रुमाल जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटे दाबून धरणे. 'सलग' हा त्यातला खरा भाग आहे. दर मिनिटाला कापड उचलून पाहिले की धरू लागलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा वाहू लागते. हृदयविकारासाठी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांचे रक्त थांबायला जास्त वेळ लागतो. अशांनी दाढीला बसण्यापूर्वीच तसे सांगावे. रक्त थांबल्यावर नळाचे पाणी आणि साधा साबण यांनी जागा धुऊन पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, एवढे पुरते. जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, काप ओठाच्या कडेवर किंवा पापणीवर असेल, अथवा दाबूनही रक्त थांबत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कानाच्या जखमेत पांढरट कूर्चा दिसत असेल तरीही तेच करावे. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथला जंतुसंसर्ग चिवट असतो आणि कानाचा आकार कायमचा बिघडवू शकतो.

दाढीनंतर तुरटी फिरवण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यामागे कारणही आहे. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचे सल्फेट. तिच्या स्पर्शाने जखमेवरची प्रथिने साकळतात, त्वचा आवळते आणि बारीक रक्तस्राव थांबतो. अडचण तुरटीत नाही, खड्यात आहे. एकच ओला खडा दिवसभर वेगवेगळ्या गालांवरून फिरतो. एकाच्या जखमेचे रक्त त्यावर राहते आणि पुढच्याच्या ताज्या कापावर घासले जाते. तुरटी जंतू मारते असा समज आहे, पण रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही. तुरटीची पूड वेगळ्या डबीत ठेवून ती स्वच्छ कापसाने लावली, तर तोच उपयोग धोक्याशिवाय मिळतो. खड्याऐवजी पूड, एवढा बदल कोणत्याही गावातल्या दुकानाला परवडणारा आहे.

यानंतरचा प्रश्न ब्लेडचा. सलूनमध्ये बहुधा एक ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग दुमडत्या वस्तऱ्यात बसवतात. तो अर्धा भाग समोर वेष्टनातून काढलेला असेल, तर कापल्यावर रक्तातून येणाऱ्या आजारांची चिंता जवळजवळ उरत नाही. वस्तऱ्याची खाचही प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पुसून निर्जंतुक केलेली हवी, कारण ब्लेड बदलले तरी खाचेत रक्त राहू शकते. ब्लेड आधीच्या गिऱ्हाइकाचे असेल, तर मात्र प्रसंग गांभीर्याने घ्यावा. एचआयव्हीची भीती सर्वांना आधी वाटते, परंतु शरीराबाहेर तो विषाणू दुबळा असतो आणि अशा कापातून तो लागण्याची शक्यता अत्यंत कमी असते. खरी काळजी हिपॅटायटिस बी, म्हणजे 'ब' प्रकारच्या काविळीची. तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकू शकतो, आणि डोळ्यांना न दिसण्याइतके रक्तही संसर्गाला पुरते. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेकांना बालपणी तिची लस मिळालेली नाही, कारण राष्ट्रीय लसीकरणात ती याच शतकात आली.

वापरलेल्या ब्लेडने कापले गेल्याची शंका असेल, तर जखम पिळू नये. पाणी व साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. हिपॅटायटिस बीची लस आधी घेतलेली नसेल, तर ती शक्यतो चोवीस तासांच्या आत सुरू करायची असते. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे द्यायची की नाही हा निर्णय डॉक्टरांचा. द्यायचीच झाली तर बहात्तर तासांच्या आत सुरू करून ती अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस सीसाठी लस नाही, पण आज तो औषधांनी बरा होतो, म्हणून त्याची तपासणी टाळू नये. पहिल्या दिवशीचे रक्तनमुने महत्त्वाचे असतात, कारण त्या वेळी आजार नव्हता हे त्यांवरूनच ठरते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल मात्र घबराट अधिक आहे. त्याचे जंतू मुख्यतः मातीत आणि शेणात असतात. स्वच्छ, उथळ कापासाठी, लसीकरण पूर्ण असून शेवटची मात्रा दहा वर्षांच्या आतली असेल, तर नवे इंजेक्शन लागत नाही.

भाजण्याची इजा थोडक्यात सांगता येते. स्ट्रेटनरच्या पट्ट्या साधारण १८० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. क्षणभराचा स्पर्श पुरतो. भाजलेली जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये, फोड फोडू नये. गरम वॅक्सने भाजले तर वॅक्स ओढून काढू नये. ते आधी पाण्याने थंड करावे, चिकटलेले नंतर तेलाने सोडवावे.

रसायनांनी होणारी इजा यापेक्षा फसवी असते, कारण ती उशिरा दिसते. केस फिके करण्याच्या ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पर्सल्फेटचे क्षार असतात. त्यावर फॉइल गुंडाळून ऊब दिली की क्रिया वेगाने वाढते. टाळूवर आग होत असताना वेळ पूर्ण व्हायची वाट पाहणे ही इथली सर्वांत महागडी चूक. खोल गेलेला रासायनिक दाह केसांची मुळे जाळतो आणि तिथे कायमची टक्कल-चकती राहते. केस सरळ करण्याच्या काही मिश्रणांत सोडियम हायड्रॉक्साइडसारखा तीव्र अल्कली असतो. तो त्वचेत आणखी खोल शिरतो. आग वाढत गेली तर मिश्रण त्या क्षणी धुवायला सांगावे, आणि किमान वीस मिनिटे भरपूर पाणी वाहू द्यावे. लिंबू किंवा व्हिनेगर टाकून अल्कली मारण्याचा प्रयत्न करू नये. डोळ्यात थेंब गेला तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ डोळा धुवावा आणि तडक नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

केसांच्या काळ्या-तपकिरी रंगाने येणारी अॅलर्जी हा वेगळाच प्रकार. तिचे मुख्य कारण पॅराफेनिलीनडायमीन, म्हणजे पीपीडी. इथे कारागिराचा हात चुकत नाही, चुकते ती पूर्वतयारी. रंग लावल्यावर दिवस-दोन दिवसांनी खाज सुटते, कानामागे व मानेवर पुरळ येते, पापण्या सुजून डोळे मिटतात. एकदा ही अॅलर्जी जडली की बहुधा आयुष्यभर राहते आणि पुढच्या वेळी अधिक जोराने उसळते. वर्षानुवर्षे तोच रंग बिनधोक लावणाऱ्यालाही ती अचानक होऊ शकते. 'अमोनिया नाही' असे छापलेल्या डब्यातही पीपीडी असू शकतो. लग्नसराईत हातावर काढल्या जाणाऱ्या काळ्या मेंदीतही तो अनेकदा मिसळलेला असतो, आणि अॅलर्जीची सुरुवात तिथेच होऊन गेलेली असते. उपाय साधा आहे: रंगाचा ठिपका कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून अठ्ठेचाळीस तास पाहणे. अशी चाचणी आधी घ्यावी आणि हा रंग भुवयांना व पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकते, अशी सूचना भारतीय नियमांनुसार वेष्टनावर छापावी लागते. तरीही मिशांबरोबर भुवयांवरही ब्रश फिरवला जातो. तो थांबवण्याचा अधिकार खुर्चीत बसलेल्याचा आहे. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

एक इजा अशी आहे की जिला कोणी इजाच म्हणत नाही. चंपीनंतर मान झटक्यात वळवून 'कट' असा आवाज काढण्याची पद्धत अनेक सलूनमध्ये आहे, आणि पुष्कळांना ती आवडते. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचा आतला पदर अशा झटक्याने फाटू शकतो. तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येऊ शकतो. डोके धुण्याच्या बेसिनवर मान मागे फार वाकवूनही असे घडते. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये अशा पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकशास्त्र हा धोका ओळखते. हे क्वचितच घडते, पण मान मोडून घेण्याने होणारा फायदाही नगण्य आहे, म्हणून ती मोडू न देणेच शहाणपणाचे. त्यानंतरच्या काही तासांत किंवा दिवसांत मानेत एका बाजूला नवी तीव्र कळ, गरगरणे, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे, तोल जाणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काही झाले, तर सलूनमधला प्रसंग डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

जखमेकडे पुढचे काही दिवस लक्ष ठेवायचे असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली पसरू लागली, जागा गरम लागली, पू किंवा ताप आला, तर संसर्ग समजावा. नाकाच्या बाजूची आणि वरच्या ओठावरची पुळी कधीही पिळू नये, कारण तिथल्या शिरांचा संबंध कवटीच्या आतल्या शिरांशी आहे. दाढीच्या भागात गोल, खाजरा चट्टा उठला तर तो गजकर्ण असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुकानातून मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमे लावली जातात. खाज चार दिवस थांबते, बुरशी मात्र पसरते आणि नंतर औषधांना दाद देत नाही. भारतात गजकर्ण इतके चिवट होण्यामागे या मलमांचा मोठा हात आहे. सावळ्या त्वचेवर लहान जखमेचाही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. खपली न काढणे आणि उन्हापासून जपणे हाच त्यावरचा मुख्य उपाय.

आता कारागिराची बाजू. इंग्लंडमध्ये १५४० पासून १७४५ पर्यंत केशकर्तन करणारे आणि शल्यकर्म करणारे एकाच संघात होते. भारतातही गळू कापण्यासारखी कामे अनेक ठिकाणी नाभिकाकडेच असत. वस्तरा चालवणाऱ्याला जखम बांधताही येत असे. ते ज्ञान आज दुकानात परत आणायला फार खर्च नाही: गॉज, हातमोजे, साबण, पट्ट्या, तुरटीची पूड आणि वापरलेल्या ब्लेडसाठी जाड डबा. पुष्कळ कारागीर टक्केवारीवर काम करतात. चूक कबूल केली तर दिवसाची कमाई जाईल ही त्यांची भीती खरी असते. मालकाने नुकसान स्वतःकडे घेतले तरच कारागीर "कापलं आहे, थांबा" असे तत्काळ म्हणू शकतो, आणि वैद्यकीयदृष्ट्या तेच सर्वांत मोलाचे वाक्य आहे.

गिऱ्हाइकानेही आरडाओरड न करता, पण स्पष्ट विचारावे: ब्लेड नवे होते का, रंग कोणता होता. जखमेचे छायाचित्र, वेळ, बिल किंवा यूपीआयची नोंद, रंगाच्या डब्यावरचे नाव व बॅच क्रमांक आणि डॉक्टरांचा कागद एवढे जपून ठेवावे. बहुतेक प्रसंगी कामाचे पैसे न घेणे आणि औषधोपचाराचा खर्च देणे यावर समजुतीने मिटते, आणि साध्या कापासाठी तेच योग्य आहे.

इजा टिकाऊ असेल किंवा दुकान दखलच घेत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. पैसे देऊन घेतलेली सलूनची सेवा त्याच्या कक्षेत येते. रंगच सदोष असेल, तर उत्पादकालाही जबाबदार धरता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. भरपाई किती मागावी, याबद्दल दिल्लीतील एका हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली चुकीच्या पद्धतीने कापल्या गेलेल्या केसांचे प्रकरण बोलके आहे. राष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सेवेतील त्रुटीचा निष्कर्ष कायम ठेवला, पण नुकसानीचा आकडा केवळ मागणीवरून ठरत नाही, त्याला पुरावा लागतो, असे सांगून ती रक्कम रद्द केली आणि त्या मुद्द्यापुरते प्रकरण परत पाठवले. उपचाराच्या पावत्या, बुडालेल्या कामाची नोंद आणि व्रण राहिल्यास त्वचातज्ज्ञांचा अभिप्राय यांवरच आकडा उभा राहतो. तडजोडीची शक्यता दिसली, तर दोन्ही पक्षांच्या संमतीने आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो, आणि तिथे झालेल्या समझोत्यावर आयोगाचाच आदेश होतो.