ताग गेला, सुई आली

दुकानातून आणलेल्या तयार सदऱ्याच्या कॉलरला आतून एक बोटभर पट्टी शिवलेली असते. त्या पट्टीवर 'मेड इन बांगलादेश' ही अक्षरे सभागृहातील अनेकांनी वाचली असतील आणि ते विसरूनही गेले असतील. पण एखादा दरिद्री देश व्यापाराच्या बळावर वर येतो म्हणजे नेमके काय घडते, हे समजून घ्यायचे तर त्या पट्टीपासूनच आरंभ करावा.

१९७१ साली स्वतंत्र झालेल्या बांगलादेशाकडे विकण्यासारखे होते काय? ताग आणि तागाचा माल. निर्यातीचे बहुतांश उत्पन्न त्यावरच अवलंबून होते. पुढे पोत्यांची जागा प्लास्टिकने घेतली आणि तागाची मागणी खचत गेली. शेतमालावर विसंबलेल्या देशाची हीच कोंडी असते. भाव दूरच्या बाजारात ठरतो, जमीन वाढत नाही आणि घरातील खाणारी तोंडे मात्र वाढत राहतात. कारखान्यातील मालाचे गणित निराळे. शिलाई यंत्रे हजार, तर कामाला माणसे हजाराहून अधिक. आणि ते काम हाती बसण्यास वर्षे नव्हेत, काही आठवडे पुरतात.

ही सुई चितगावला पोहोचली ती श्रीमंत राष्ट्रांच्या अडवणुकीमुळे, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. १९७४ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वस्त्रकराराने कोरियासारख्या देशांच्या कपड्यांवर कोटा बसविला. तेव्हा कोटा नसलेल्या देशाच्या शोधात असलेल्या देवू या कोरियन कंपनीने १९७८ मध्ये माजी सनदी अधिकारी नूरुल कादेर यांच्या 'देश गारमेंट्स'शी करार केला. १३० जण कोरियातील बुसान येथे शिकण्यास गेले. १९८० या पहिल्या वर्षी ४३,००० सदरे शिवले गेले. मिळकत सुमारे ५५,००० डॉलर. रक्कम किरकोळच, महत्त्वाचे ते पुढेच घडले. त्या १३० पैकी शंभराहून अधिक जण काही वर्षांतच 'देश' सोडून गेले. कोणी स्वतःचे कारखाने काढले, कोणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. कंपनी 'देश'चा तो तोटा होता; बांगलादेश देशाचा मात्र फायदा.

सरकारने दोन साध्या गोष्टी केल्या. परदेशी गिऱ्हाइकाने दिलेल्या पतपत्राच्या आधारावर बँकेने कापड मागविण्यासाठी दुसरे पतपत्र उघडून द्यावे, ही पहिली. निर्यातीसाठी आणलेले कापड जकातीविना गोदामात ठेवता यावे, ही दुसरी. गरीब देशातील होतकरू उद्योजकाला बहुधा अडवितो तो खेळत्या भांडवलाचा तुटवडा. तो अशा रीतीने दूर झाला. परक्याचे कापड, परक्याचे यंत्र आणि परक्याचेच गिऱ्हाईक, मग यात स्वदेशी ते काय, असे कोणी विचारील. स्वदेशी होते ते श्रम, आणि गरिबाजवळ विकण्यासारखे तेवढेच असते. पुढे होजिअरीचे बरेचसे सूत आणि कापडही तेथेच बनू लागले.

आज सुमारे चाळीस लाख लोक या धंद्यात आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. खेड्यातील जी मुलगी चौदाव्या-पंधराव्या वर्षी सासरी पाठविली जाई, ती आता महिन्याचे पैसे माहेरी धाडू लागली. कारखान्यांच्या जवळच्या गावांत मुली अधिक काळ शाळेत राहतात आणि त्यांची लग्ने उशिरा होतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. अधिकृत पाहण्यांनुसार २००० साली बांगलादेशातील सुमारे ४९ टक्के जनता दारिद्र्यरेषेखाली होती. २०२२ मध्ये हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आत आले. हे सारे श्रेय एकट्या सुईचे नव्हे. आखातातून येणारा पैसा आणि भाताचे वाढलेले पीक यांचाही त्यात वाटा आहे.

तथापि हा हिशेब येथे संपत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गाडली गेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तरीही सकाळी कामगारांना आत धाडण्यात आले. धंदा भरभराटत असताना किमान वेतन १९९४ पासून २००६ पर्यंत, बारा वर्षे, ९३० टाकांवरच थांबलेले होते. दुर्घटनेच्या वेळी ते ३,००० टाका होते, त्याच वर्षी ५,३०० झाले आणि २०२३ मध्ये १२,५००. व्यापाराने काम दिले, पण मजुरी आपोआप वाढली नाही. त्यासाठी माणसे रस्त्यावर उतरावी लागली, काही मरावी लागली.

आणि भारत? आपल्याकडे तयार कपड्यांचे उत्पादन दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होते. ते बंधन २००० च्या वस्त्रधोरणापासून सैल होऊ लागले. हेतू छोट्या कारागिराला जपण्याचा होता, पण त्यापायी हजार यंत्रांचे कारखाने दुसरीकडे उभे राहिले. भारताचा कापूस आणि सूत बांगलादेशात जात राहिले, आणि २०११ साली भारताने तेथील वस्त्रांच्या ४६ प्रकारांवरील जकात माफ केली. मे २०२५ मध्ये भारताने तेथील तयार कपडे जमिनीवरील नाक्यांतून येण्यास बंदी केली आणि न्हावाशेवा व कोलकाता ही दोनच बंदरे खुली ठेवली. म्हणजे विदर्भाचा कापूस सदरा होऊन मुंबईच्या दाराशी परत येऊ शकतो. त्याची शिलाई मात्र सावरच्या मुलीला मिळालेली असते, अमरावतीच्या नव्हे.