मोठ्या पडद्यावर फ्री डिश

काष्टीत शनिवारचा जनावरांचा बाजार उरकून घरी आलात, नव्या मोठ्या टीव्हीवर फ्री डिश लावली आणि चेहरे धूसर दिसले, तर टीव्हीला दोष देऊ नका. फ्री डिशच्या एसडी, म्हणजे स्टँडर्ड डेफिनिशन, चित्रात 720 गुणिले 576 ठिपके असतात. फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे बरोबर पाचपट. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. सेट टॉप बॉक्सला एचडीएमआयची सोय असेल तर पिवळी-लाल-पांढरी वायर काढून एचडीएमआय केबल लावा. रंग एकमेकांत मिसळायचे थांबतात. शार्पनेस मात्र कमीच ठेवा. तो वाढवल्यानं नवा तपशील येत नाही, उलट कडा आणि खरखर उठून दिसते. आणि जुना मराठी चित्रपट 4:3 आकारातच पाहा. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालेल, आपल्या आवडत्या कलाकारांचे चेहरे ताणू नका.