बँकेचा स्वतःचा पैसा

बँकेंत ठेवलेला आपला पैसा बँकेंत नसतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते आणि बहुधा कोणाच्याच मनांत ती वागत नसते. सकाळीं भरलेली रक्कम थोड्याच दिवसांत कोणाच्या घराच्या विटांत, कोणाच्या कारखान्याच्या यंत्रांत किंवा सरकारच्या कर्जरोख्यांत जाऊन बसते. आपल्या हातीं राहतो तो एक शब्द : मागाल तेव्हां देऊं. या शब्दामागें बँकेच्या मालकांचा स्वतःचा पैसा किती असावा, आणि लागलीच हातीं येईल अशी रोकड किती असावी, या दोन प्रश्नांचा खल स्वित्झर्लंडांतील बेसल या शहरीं गेलीं पन्नास वर्षें चालला आहे. तेथें ठरलेले नियम उत्तरोत्तर कडक होत गेले. ते पाळण्यासाठीं बँकांनीं काय काय केलें, आणि त्यापैकीं आपल्या घरापर्यंत काय येऊन पोंचलें, हें आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम भांडवल म्हणजे काय तें पाहूं. समजा, एखाद्या बँकेनें शंभर रुपये कर्जाऊ दिले आहेत. त्यांतील नव्वद ठेवीदारांचे आणि दहा भागधारकांचे. कर्जापैकीं सहा रुपये बुडाले तर ते भागधारकांच्या दहांतून जातात. ठेवीदाराला त्याची दादही लागत नाहीं. बारा बुडाले तर मात्र दहा संपून दोन रुपयांची झळ ठेवीदारास पोंचते. भांडवल म्हणजे तिजोरींत निराळी काढून ठेवलेली पुंजी, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नव्हे. तोही पैसा कर्जाऊ दिलेलाच असतो. पैसा कोठें ठेवला आहे हा प्रश्न नसून, नुकसान आलें तर आधीं कोणाचें जाणार हा प्रश्न आहे.

या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय रूप आलें तें एका जर्मन बँकेच्या दिवाळ्यामुळें. कोलोन येथील हेर्स्टाट ही बँक २६ जून १९७४ रोजीं दुपारीं तेथील अधिकाऱ्यांनीं बंद केली. तिच्याशीं चलनाचे सौदे केलेल्या परदेशी बँकांनीं जर्मन मार्क आधींच तिच्या पदरांत घातले होते. मोबदल्याचे डॉलर न्यूयॉर्कमध्यें मिळावयाचे होते, आणि तेथें तर अजून सकाळच होती. ते डॉलर आलेच नाहींत. त्याच वर्षाच्या अखेरीस 'दहांचा गट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशांच्या मध्यवर्ती बँकांनीं बेसलची समिति स्थापन केली. तिच्या ठरावांना कायद्याचें बळ नाहीं. प्रत्येक देश ते आपापल्या नियमांत उतरवून घेतो. हिंदुस्थान तिचा सभासद झाला २००९ सालीं, पण तिचें माप आपल्या रिझर्व्ह बँकेनें १९९२ पासूनच स्वीकारलें होतें.

तें माप १९८८ सालीं ठरलें. धोक्याच्या मानानें मोजलेल्या येण्यावर शेंकडा आठ इतकें भांडवल हवें. 'धोक्याच्या मानानें' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारखानदाराला दिलेले शंभर रुपये हिशेबांत शंभरच धरावयाचे; घर तारण असेल तर पन्नासच; आणि श्रीमंत राष्ट्रांच्या सरकारांना दिलेले शून्य. बँकवाल्यांनीं यांतील खुबी तत्काळ ओळखली. नियमाची अट पुरी करण्याचे मार्ग दोन : एक तर भांडवल वाढवावयाचें, नाहीं तर मोजणींत कमी भरेल असेंच येणें जवळ करावयाचें. पहिला मार्ग महाग आणि दुसरा सोपा. कोणता मार्ग अधिक चोखाळला गेला असेल तें सांगावयास नकोच.

भांडवल पुरेसें म्हणजे बँक सुरक्षित, ही समजूत २००७ सालीं इंग्लंडांत पार ढांसळली. न्यूकॅसलची नॉर्दर्न रॉक ही घरांच्या तारणावर कर्ज देणारी बँक. भांडवलाच्या मापांत ती उत्तम उतरली होती. इतकी कीं, त्या जुलै महिन्यांत तिनें लाभांश वाढविल्याचें जाहीर केलें. पण तिच्या व्यवहारांत किरकोळ ठेवीदारांचा पैसा जेमतेम चवथा हिस्सा होता. बाकीचा ती मोठ्या पैसेबाजारांतून आणी, आणि तो बाजार असाच अखंड चालेल या भरंवशावर वीस-पंचवीस वर्षांचीं कर्जें देई. ऑगस्टांत बाजारानें हात आंखडला. कर्जें चांगलीं, भांडवल पुरेसें, आणि हातीं रोकड नाहीं, अशा विचित्र अवस्थेंत ती सांपडली. १४ सप्टेंबरला तिच्या शाखांपुढें रांगा लागल्या. तीन दिवसांनीं सरकारनें ठेवींची हमी घेतली, आणि २००८ च्या फेब्रुवारींत सबंध बँकच ताब्यांत घेतली.

१९८८ सालीं जें सुचलें नव्हतें तें डिसेंबर २०१० च्या तिसऱ्या बेसल करारांत आलें. शेंकडा आठाच्या वर अडीचाची पुरवणी जोडली गेली. आणि संकटाचे तीस दिवस बाहेरून कोणी पैसा न देतां निभावतील इतके ताबडतोब विकतां येणारे रोखे व रोकड जवळ असलीच पाहिजे, अशी नवी अट आली. आपल्या रिझर्व्ह बँकेचें माप याहून थोडें कडक आहे. तिनें आठाऐवजीं नऊ ठरविले. पुरवणी धरून १ ऑक्टोबर २०२१ पासून मोठ्या व्यापारी बँकांसाठीं साडेअकरा झाले. तीस दिवसांची अट २०१५ च्या जानेवारींत साठ टक्क्यांनीं सुरू होऊन २०१९ च्या जानेवारींत पूर्ण झाली. नागरी सहकारी बँकांचे नियम वेगळे आहेत. त्यांची हकीकत स्वतंत्रच सांगावी लागेल.

एवढें भांडवल आणावयाचें कोठून? सरकारी मालकीच्या बँकांची बुडीत कर्जें तर डोंगराएवढीं वाढलीं होतीं. २०१७ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें दोन लाख अकरा हजार कोटींची योजना जाहीर केली. तींतील एक लाख पस्तीस हजार कोटींचा प्रकार मोठा गमतीचा होता. सरकारनें कर्जरोखे काढावयाचे, ते बँकांनीं ठेवीदारांच्या पैशांनीं विकत घ्यावयाचे, आणि आलेली तीच रक्कम सरकारनें भांडवल म्हणून त्याच बँकांत घालावयाची. या कोठींतील धान्य त्या कोठींत गेलें, असें एखादी गृहिणी म्हणेल. तें सर्वस्वीं खरें नाहीं. कारण त्या रोख्यांचें व्याज दरवर्षीं सरकारी तिजोरींतून जातें, म्हणजे तोटा अखेर करदात्यानें उचलला. मला ती योजना अपरिहार्य वाटते, पण ती फुकटची मात्र नव्हती.

मोजणीच्या बाजूचें उदाहरण ताजें आहे. तारणाविना दिलेलीं वैयक्तिक कर्जें फार वेगानें वाढूं लागलीं, तेव्हां १६ नोव्हेंबर २०२३ रोजीं रिझर्व्ह बँकेनें त्यांतील बऱ्याच कर्जांचें माप शंभरावरून सव्वाशें केलें. ज्या शंभर रुपयांमागें साडेअकरा रुपये भांडवल पुरत असे, त्यांना एकदम चवदा रुपये अडतीस पैसे लागूं लागले. कोणावरही बंदी घातली नाहीं. केवळ एक आंकडा बदलला, आणि बँकांचा या कर्जांचा उत्साह ओसरूं लागला.

पण भांडवलाचा जो तिसरा प्रकार आहे, तो माझ्या मतें सर्वांत विचार करण्याजोगा आहे. साडेअकरांपैकीं दीडापर्यंतचा हिस्सा एका खास रोख्यानें भरण्याची मुभा बँकांना आहे. या रोख्याला मुदत नसते. बँक अडचणींत असल्यास व्याज चुकवूं शकते. आणि ती तगण्याजोगी राहिली नाहीं असें ठरलें तर मुद्दलही पुसून टाकतां येतें. ही जोखीम आहे म्हणून त्याचें व्याज मुदतठेवीहून अधिक. भागधारक आणि ठेवीदार यांच्यामध्यें उभी केलेली ही एक भिंतच होय, आणि कल्पना म्हणून ती वाईट नाहीं.

५ मार्च २०२० रोजीं मुंबईच्या येस बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आले. पन्नास हजारांहून अधिक रक्कम काढतां येईना. पुढें स्टेट बँकेच्या पुढाकारानें तिचें पुनरुज्जीवन झालें आणि ठेवीदारांचा एक पैसाही बुडाला नाहीं. भिंतीनें आपलें काम केलें होतें. ८,४१५ कोटींचे ते रोखे एका निर्णयासरशीं शून्य झाले. भागधारकांचे भाग मात्र, किंमत घसरली तरी, शिल्लक राहिले. आधीं कोणाचें जाणार, हा क्रमच उलटा झाला. आणि भिंतींत चिणलेले सगळेच कांहीं मोठे धनको नव्हते. सेबीच्या २०२१ च्या निर्णयाप्रमाणें १,३४६ व्यक्तींनीं या रोख्यांत सुमारें ६७९ कोटी रुपये घातले होते, आणि त्यांपैकीं २७७ जणांनीं त्यासाठीं आपल्या मुदतठेवी मोडल्या होत्या. हा रोखा त्यांना जणू वरच्या प्रतीची मुदतठेव म्हणून दाखविला गेला, असा सेबीचा ठपका होता. बँकेला तो मान्य नव्हता. पंचवीस कोटींच्या दंडाविरुद्ध ती अपिलांत गेली. रोखे पुसण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें २०२३ च्या जानेवारींत रद्द ठरविला, आणि वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. दरम्यान सेबीनें २०२० च्या ऑक्टोबरांतच असे नवे रोखे केवळ मोठ्या संस्थांना, आणि एक कोटीच्या खालीं नाहीं, असा दंडक घातला. नियम पाळला जावा म्हणून बँकेला भांडवल हवें होतें. तें तिनें आपल्याच काऊंटरवर, आपल्याच ठेवीदारांकडून मिळविलें. ज्यांच्या रक्षणासाठीं भिंत, त्यांतल्याच कांहींच्या विटा झाल्या.

रोकडीच्या नियमानें घरगुती ठेवीची प्रतिष्ठा वाढविली आहे. संकटाच्या महिन्यांत घरगुती ठेवींपैकीं शंभरीं पांच किंवा दहा रुपयेच काढले जातील असें नियमांत गृहीत धरलें आहे. मोठ्या कंपन्यांच्या सामान्य ठेवींतून चाळीस, आणि दुसऱ्या वित्तसंस्थांच्या ठेवी तर सर्वच्या सर्व जातील असें धरतात. त्यामुळें आपली पन्नास हजारांची ठेव बँकेला कंपनीच्या तेवढ्याच रकमेपेक्षां अधिक मोलाची वाटते. मुदतीपूर्वीं मोडतां येणार नाहीं अशी ठेव किंचित् जास्त व्याजानें देऊं करतात, तिचेंही एक कारण हेंच. अर्थात् २०२३ च्या ऑक्टोबरांत रिझर्व्ह बँकेनें, व्यक्तींच्या एक कोटीपर्यंतच्या ठेवी मोडण्याची सोय दिलीच पाहिजे, असें बजावलें, हें चांगलें झालें.

परंतु घरचा ठेवीदार सावकाश हलतो हें गृहीतच आतां डळमळूं लागलें आहे. अमेरिकेंतील सिलिकॉन व्हॅली बँकेनें आपला पैसा लांब मुदतीच्या, सरकारचें पाठबळ असलेल्या रोख्यांत घातला होता. बुडण्याचें भय नाहीं असेच ते रोखे. व्याजाचे दर चढले, रोख्यांच्या किंमती पडल्या, आणि तोटा सोसून ते विकल्याची वार्ता बाहेर येतांच ९ मार्च २०२३ या एका दिवसांत बेचाळीस अब्ज डॉलर निघून गेले. नॉर्दर्न रॉकसारख्या रांगांची वाट पाहण्याचें कारणच उरलें नव्हतें; बहुतेकांनीं हातांतल्या यंत्रावर बोट टेकविलें. शिवाय तीस दिवसांची अट त्या बँकेला लागूच नव्हती. २०१९ सालीं अमेरिकेनें मध्यम आकाराच्या बँकांना तींतून मोकळें केलें होतें.

हा धडा आपल्याकडे आंकड्यांत उतरला. मोबाईल किंवा इंटरनेटवरून काढतां येणाऱ्या घरगुती ठेवी संकटांत अधिक वेगानें जातील असें धरून त्यांच्या गृहीत टक्केवारींत आणखी भर घालावी, असा मसुदा रिझर्व्ह बँकेनें २०२४ च्या जुलैंत काढला. भर पांचाची होती. बँकांनीं कुरकुर केली, कारण तेवढे अधिक सरकारी रोखे बाळगावयाचे म्हणजे तेवढीं कर्जें कमी. एप्रिल २०२५ च्या अंतिम आदेशांत पांचाचे अडीच झाले, आणि अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरला. मला विचाराल तर पांचच राहिले असते तर बरें होतें. ज्या ठेवीसाठीं पूर्वीं पासबूक घेऊन शाखा उघडण्याची वाट पाहावी लागे, ती आज मध्यरात्रीं अंथरुणांतून काढतां येते.