विद्यार्थी, चित्रफीत आणि आपण

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शिक्षक नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक म्हणून काम करतो. परंतु रविवारी सकाळी आपल्या अभ्यासिकेत मुलांसोबत बसण्याचा माझा काही वर्षांचा परिपाठ आहे. तेथे जे पाहिले त्यातील एक विषय आज आपणापुढे मांडतो. तो विषय म्हणजे शाळेसाठी मुलांनी करावयाच्या छोट्या चित्रफिती, म्हणजे ज्यांना आपण व्हिडिओ म्हणतो.

आमच्या वेळी शाळेत निबंध असे, तक्ता असे, फार तर हस्तलिखित असे. आज शिक्षक सांगतात, "गटाने मिळून तीन मिनिटांचा व्हिडिओ करून आणा." सूचना एका ओळीची असते, पण घरी पोहोचताच तिच्या तीन वाटा होतात. ज्या घरात जाणता काका किंवा मोठा भाऊ आहे तेथे तो रात्री बसून व्हिडिओ करून टाकतो. ज्या घरात थोडे पैसे आहेत तेथे झेरॉक्सच्या दुकानातून तो तयार करून आणला जातो. आणि जेथे दोन्ही नाही, तेथील मूल गटात नाव घालून घेते व मागच्या बाकावर गप्प बसते. या तिन्ही वाटांनी गुण मिळू शकतात, पण शिकणे मात्र एकाही वाटेने होत नाही. माझ्या मते खरी चिंतेची बाब ही आहे.

चित्रफितीतून शिकविणे ही काही परदेशातून काल आलेली गोष्ट नव्हे. आपल्या जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, हे आपण सर्व जाणतो. परंतु त्याआधी १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोजच्या वाढीचे थोडे थोडे चित्रण केले होते. अंकुर फुटून रोप कसे वाढते हे त्या छोट्याशा पट्टीत दिसत असे, आणि ती पाहूनच पुढच्या चित्रपटासाठी त्यांना कर्ज मिळाले. एक साधी कुंडी, एक प्रश्न आणि रोजचा नेम एवढ्यावर ते काम झाले. पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी ही शासनाची संस्था निघाली. तिचे कार्यक्रम माझ्या पिढीने दूरदर्शनवर पाहिले. ती संस्था २०१७ साली बंद झाली. त्या काळी मुले केवळ पाहणारी होती. आता तीच मुले करणारी होऊ शकतात, हा मोठा फरक आहे. प्रश्न एवढाच की, आपण त्यांना करू देणार की नाही?

बँकेच्या खिडकीवर एक दृश्य नेहमी दिसते. खातेदार येतो आणि म्हणतो, "साहेब, तेवढी स्लिप भरून द्या." भरून दिली की दोन मिनिटांत काम होते व रांग पुढे सरकते. पण पुढच्या महिन्यात तोच खातेदार तीच विनंती घेऊन उभा राहतो. याउलट, पेन त्याच्याच हातात ठेवून "येथे तारीख, येथे खाते क्रमांक, येथे रक्कम अक्षरी" असे सांगितले तर त्या दिवशी दहा मिनिटे जातात, पण पुढे तो दुसऱ्यालाही शिकवतो. मुलांच्या व्हिडिओचे अगदी असेच आहे. मोठ्यांनी स्लिप भरून देऊ नये. शेजारी बसावे.

शेजारी बसून नेमके काय करावयाचे, हे सांगण्यासाठी एक उदाहरण देतो. गेल्या वर्षी अभ्यासिकेतील नववीच्या चार मुलांना इतिहास विषयासाठी व्हिडिओ करावयाचा होता. त्यांनी विषय निवडला 'आमच्या गावची लेणी'. मी विचारले, "तीन मिनिटांत चोवीस लेणी सांगणार काय?" मुले विचारात पडली. मग आम्ही सर्वजण त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. तेथे दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत उषवदाताचा शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा हा जावई. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने हे लेणे भिक्षुसंघाला दान दिले आणि त्यासोबत ३००० कार्षापण नाणी ठेव म्हणून ठेवली. ती कोठे ठेवली? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. गोवर्धन नावाचे गाव आजही आपल्या नाशिकजवळ आहे. एका श्रेणीकडे २००० नाणी दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १००० नाणी दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी द्यावयाचे.

मी मुलांना एवढेच म्हणालो, "हिशेब जुळतो का पाहा." त्यांनी वहीत मांडले. २००० वर महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. हिशेब तंतोतंत जुळला! त्या क्षणी मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते. भिंतीवरची न कळणारी अक्षरे एकाएकी त्यांच्या गणिताच्या वहीत उतरली. त्यांना व्हिडिओचा विषय सापडला.

एका मुलाने नाव सुचविले, 'लेण्यातील मुदतठेव'. मी विचारले, "मुदतठेवीला काय असते?" तो म्हणाला, "मुदत." "मग या ठेवीला मुदत आहे का?" थोडा वेळ शांतता. मग गटातील मुलगी म्हणाली, "नाही, ही कधी मोडायचीच नाही." आणि शीर्षक ठरले, 'न मोडणारी ठेव'. हे शीर्षक मी सांगितले असते तर दोन सेकंदांत काम झाले असते, पण ते त्यांचे झाले नसते.

आता कृतीच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घ्याव्यात.

पहिली पायरी कागदाची. संगणक उघडण्यापूर्वी एक वाक्य लिहावे : पाहणाऱ्याला काय कळले पाहिजे? त्यानंतर बोलावयाचा मजकूर लिहावा. सावकाश, स्पष्ट बोलताना मिनिटाला सुमारे शंभर शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांना तीनशे शब्द, वहीची दीड-दोन पाने. आमच्या मुलांनी प्रथम नऊशे शब्द लिहिले होते. सहाशे शब्द कोणते गाळावेत यावर दोन रविवार वाद झाला. माझ्या मते खरे शिक्षण त्या दोन रविवारी झाले.

दुसरी पायरी चौकटींची. कागदावर आठ-दहा चौकोन आखून प्रत्येकात कोणते चित्र दिसेल व त्या वेळी कोणते वाक्य ऐकू येईल ते लिहावे. चित्र चांगले काढता आले नाही तरी चालते, रेघांची माणसे पुरतात.

तिसरी पायरी आवाजाची. चित्र थोडे पुसट असले तर लोक सहन करतात, आवाज कळला नाही तर उठून जातात. पंखा बंद करावा, मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा, परिच्छेदागणिक वेगळे ध्वनिमुद्रण करावे. एक चुकला तर तेवढाच पुन्हा घेता येतो.

चौथी पायरी जुळणीची. त्यासाठी कॅनव्हा किंवा क्लिपचॅम्प यांसारखी ऑनलाईन साधने आहेत. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात आणि शालेय कामाला त्यांची विनामूल्य सोय पुरेशी आहे. शिक्षकांनी आपली पडताळणी करून घेतल्यास कॅनव्हाची शाळांसाठीची आवृत्तीही विनामूल्य मिळते. एक खबरदारी घ्यावी : कॅनव्हामध्ये ज्या चित्रावर मुकुटाचे चिन्ह असते ते पैसे देऊन घ्यावयाचे असते. आधी ते निवडून शेवटी अडकण्यापेक्षा आरंभीच टाळावे. मराठी अक्षरांसाठी मुक्ता किंवा बालू यांसारखा युनिकोड टंक घ्यावा, आणि 'क्षत्रप', 'श्रेणी' असे जोडाक्षरांचे शब्द टंकून ते तुटत नाहीत ना, हे प्रथम तपासावे. तयार व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने पाठविल्यास तो दाबला जाऊन अक्षरे पुसट होतात. तो गूगल ड्राइव्हवर ठेवून शिक्षकांना दुवा द्यावा.

पाचवी पायरी परीक्षेची. विषय माहीत नसलेल्या एका माणसाला व्हिडिओ दाखवावा आणि "काय कळले?" एवढेच विचारावे. आमच्या मुलांनी तो एका आजींना दाखविला. आजी म्हणाल्या, "समदं कळलं, पर कार्षापण म्हंजी काय?" मुलांनी त्याच दिवशी 'त्या काळचे नाणे' हे शब्द घातले.

आता तीन गोष्टी पालकांसाठी सांगतो.

पहिली गोष्ट समतेची आहे. गटात ज्याच्याकडे चांगला मोबाईल असतो तो आपोआप पुढारी होतो आणि ज्याच्याकडे नसतो तो टाळ्या वाजविणारा ठरतो. यंत्राच्या मालकीवरून बुद्धीची उतरंड लागू नये, यासाठी आम्ही एक नियम केला. साधन अभ्यासिकेचे, आणि काम पाळीपाळीने. आज ज्याने लिहिले त्याने उद्या आवाज द्यावयाचा, ज्याने आवाज दिला त्याने जुळणी करावयाची. सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलाने सर्वांत नेटकी जुळणी केली, हे मी येथे आवर्जून नमूद करतो.

दुसरी गोष्ट यंत्राकडून आयते करून घेण्याची. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज एका वाक्यावरून चित्र व व्हिडिओ तयार करून देतात. गटातील एकाने शिलालेखाचे चित्र तसे करून आणले. दिसायला फार सुंदर होते. पण त्यावरील अक्षरे म्हणजे नुसत्या रेघोट्या होत्या, त्यांत ब्राह्मीचे एकही अक्षर नव्हते. मुलांनी ते चित्र शिलालेखाच्या खऱ्या छायाचित्राशेजारी ठेवले आणि स्वतःच बाद केले. या शिलालेखांचे वाचन एमिल सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात प्रसिद्ध केलेले आहे. यंत्र वापरू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु ते जे देईल ते मुळाशी ताडून पाहण्याची सवय नसेल, तर सुंदर खोटे आपण मुलांच्या हाती देत आहोत. आपल्या समाजाचा बराचसा इतिहास दगडावर कोरलेला आहे. त्याच्या जागी रेघोट्या येऊ देता कामा नये.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. गटातील मुलीच्या आईने सांगितले, "तिचा चेहरा दाखवू नका." तिचे म्हणणे योग्यच होते. मुलीचा आवाज आणि हिशेब मांडणारा हात एवढेच व्हिडिओत आले, आणि तेच सर्वांत परिणामकारक ठरले. व्हिडिओत शाळेचे ओळखपत्र, घराचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक दिसू देऊ नये. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. म्हणून खाते पालकांच्या समोर उघडावे, परवलीचा शब्द व ओटीपी कोणालाही सांगू नये. खिडकीमागे बसून मी हेच रोज सांगत असतो. व्हिडिओ सर्व जगाला खुला न ठेवता वर्गापुरता ठेवावा.

त्याचप्रमाणे दुसऱ्याच्या कष्टाचा मान राखावा. चित्रपटातील गाणे मागे लावू नये. विकिमीडिया कॉमन्सवर वापरास मोकळी छायाचित्रे मिळतात, मात्र बहुतेकांच्या खाली छायाचित्रकाराचे नाव देण्याची अट असते. ती शेवटच्या चौकटीत पाळावी. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहेत, तेव्हा तेथील चित्रीकरणाचे नियम आधी तिकीट खिडकीवर विचारावेत व कोरीव कामाला हात लावू नये.

'न मोडणारी ठेव' वर्गात दाखविला गेला तेव्हा इतर काही गटांचे व्हिडिओ त्याहून चकचकीत होते. परंतु दाखवून झाल्यावर शिक्षकांनी प्रश्न विचारले, "दुसऱ्या ठेवीचा दर कमी का असेल?" चौघांनीही हात वर केले. चौघांची उत्तरे वेगवेगळी होती आणि कोणाचे बरोबर हे आजही ठरलेले नाही. पण आपण केलेल्या कामावर उभे राहून बोलण्याचे धैर्य दुकानात विकत मिळत नाही.

म्हणून संस्थेला माझी नम्र सूचना आहे. महिन्यातील एक रविवार या कामासाठी राखावा. अभ्यासिकेत एक संगणक व एक साधा मायक्रोफोन ठेवावा. सभासदांपैकी कोणी हिशेब जाणतो, कोणी शेती जाणतो, कोणी शिवणकाम, कोणी रुग्णसेवा. मुलांनी त्यांच्याकडे जावे, विचारावे आणि त्यातून आपले विषय घडवावेत. सभासदांनी एकच पथ्य पाळावे. मुलांच्या शेजारी बसावे, प्रश्न विचारावेत, चुका होऊ द्याव्यात, परंतु माऊसला हात लावू नये.

उषवदाताने मुद्दल कायम ठेवून व्याजावर दान चालविले. आपल्या मुलांची समज हे आपले मुद्दल आहे. गुण, बक्षिसे, कौतुक हे त्यावरचे व्याज. व्याजाच्या घाईत मुद्दल मोडू नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.